खुनी सापडल्यावर प्रेक्षक का उठून जातात?

सांगलीहून एका वाचकाने विचारले आहे: विश्रामबागेत आम्ही काही मंडळी दर शनिवारी एकत्र बसून एखादी मालिका पाहतो. या खेपेला ‘ट्विन पीक्स’ लावली. खुनी कोण हे कळेपर्यंत खोलीत बसायला जागा मिळत नसे. ते कळले आणि पुढच्या शनिवारपासून निम्मी माणसे यायची थांबली. जे उरले त्यांच्यात दोन तट पडले. एकाचे म्हणणे, आपल्याला फसवले. दुसऱ्याचे म्हणणे, मालिका खरी आता रंगते आहे. असे का होते? यापुढे ‘फ्रॉम’ लावावी की ‘वेवर्ड पाइन्स’? आणि आमच्यातला एकजण कृष्णाकाठच्या गावावर अशीच रहस्यमालिका लिहायला घेतो आहे, त्याने कशाची काळजी घ्यावी?

तुमच्या खोलीत जे घडले, ते अमेरिकेत 1990 साली देशभर घडून गेले आहे. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांच्या या मालिकेचा सुमारे दीड तासाचा पहिला भाग एबीसी वाहिनीवर 8 एप्रिल 1990 रोजी दाखवला गेला आणि जवळपास साडेतीन कोटी लोकांनी तो पाहिला. लॉरा पामर या शाळकरी मुलीचा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला मृतदेह पाण्याच्या काठावर सापडतो, एफबीआयचा अधिकारी डेल कूपर तपासासाठी येतो आणि एकेका घराचे दार किलकिले होऊ लागते. 23 मे रोजी पहिले पर्व संपले तेव्हा खुन्याचे नाव तर कळले नव्हतेच, उलट कूपरवरच गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. लोक संतापले, पण तो संताप पुढच्या पर्वाची वाट पाहणाऱ्यांचा असल्यामुळे कुठल्याही वाहिनीला हवाहवासाच वाटला असता. सप्टेंबरअखेर दुसरे पर्व सुरू झाले आणि त्याच्या वाट्याला शनिवारच्या रात्रीचा स्लॉट आला, म्हणजे तरुण प्रेक्षक नेमका घराबाहेर असतो ती वेळ. 10 नोव्हेंबरच्या भागात खुनी दाखवला गेला. मग प्रेक्षक ओसरत गेले, प्रक्षेपण मध्येच थांबले, चाहत्यांनी पत्रांचा मारा करून ते पुन्हा सुरू करायला लावले, आणि एवढे होऊनही 10 जून 1991 रोजी, एकूण 30 भागांनंतर, गोष्ट ऐन कड्यावर लटकत ठेवून मालिका बंद पडली.

यावरून आमच्या धंद्यात एक सोपा निष्कर्ष रुळला आहे, तो असा की रहस्य फोडले की मालिका मरते. दैनंदिन मालिकांच्या लेखनात अनेक वर्षे काढल्यावर मला तो निष्कर्ष अर्धाच खरा वाटतो. स्वतः निर्मात्यांतही याबाबत एकमत नव्हते. खुनी कधीच उघड करू नये, तो प्रश्न मागे मागे सरकत जाऊन गावच पुढे यावे, अशी लिंच यांची इच्छा होती. वाहिनीचा दबाव उत्तर द्या असा होता, आणि प्रेक्षकांना आपण काही देणे लागतो असे फ्रॉस्ट यांना वाटत होते. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे हातात पडतात त्या ठिकाणी काम केलेल्या माणसाला वाहिनीची घालमेल कळते. मला मात्र वाटते की चूक उत्तर देण्यात झाली नाही. उत्तर दिल्यानंतर प्रेक्षकाच्या हाती दुसरा प्रश्न द्यायला हवा होता आणि तो लिहून तयारच नव्हता, ही खरी अडचण होती. खुनी सापडल्यानंतरचे दुसऱ्या पर्वातील कित्येक भाग आज पाहिले, तरी लेखकांची टेबलाभोवतीची चाचपड दिसते. गावातला एक तरुण मोटारसायकलवरून बाहेरगावी जातो आणि तिथे एका श्रीमंत बाईच्या भानगडीत अडकतो, तो ट्रॅक तर निव्वळ भरणा आहे. तुमची निम्मी मंडळी त्या सुमारास गळाली असतील, तर त्यांच्या रसिकतेला बोल लावण्याचे कारण नाही.

अशा मालिकेत पहिल्या भागापासून दोन प्रश्न बरोबरीने चालत असतात. एक, हे कुणी केले? दुसरा, हे कसले गाव आहे? पहिल्याचे उत्तर एका नावात मावते. दुसऱ्याचे उत्तर नावात मावत नाही, ते प्रसंगाप्रसंगाने साचत जाते. पहिला प्रश्न धरून बसलेल्या प्रेक्षकाला नाव मिळाल्यावर घरी जाण्याचा पूर्ण अधिकार आहे. तो कंटाळलेला नाही, त्याचे काम झालेले आहे. दुसऱ्या प्रश्नावर बसलेल्याला नाव कळल्याने फारसा फरक पडत नाही, किंबहुना नावाचा धोशा थांबल्याने त्याला बरेच वाटते. तुमच्याकडचे दोन तट हे रुचीचे तट नसून एकाच पडद्यावर वेगवेगळे प्रश्न घेऊन बसलेल्या लोकांचे आहेत, आणि म्हणूनच त्यांचे भांडण मिटत नाही.

दुसरा प्रश्न कसा साचतो, हे पहिल्या भागातील मृत्यूची बातमी पसरण्याच्या प्रसंगांत नीट पाहता येते. आईने मुलीला हाका मारल्या, खोलीत ती नाही, म्हणून आई एकामागून एक फोन लावते आहे. वडील हॉटेलात पाहुण्यांच्या बैठकीत असतात. ते फोनवर येतात, तिची समजूत घालत असतात, एवढ्यात शेरीफ समोरून चालत येतो. कुणी काही सांगत नाही. वडिलांचा चेहरा बदलतो, हातातला फोन गळून पडतो आणि त्या टोकाला आईचा आक्रोश सुरू होतो; तिलाही कुणी काही सांगितलेले नाही. तिकडे शाळेत हजेरी चालू असताना एक पोलीस दारात येऊन बाईंशी हळू आवाजात बोलतो, खिडकीबाहेर एक मुलगी किंचाळत अंगणातून धावत जाते, आणि लॉराची मैत्रीण वर्गातल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून रडू लागते. मुख्याध्यापकांची घोषणा त्यानंतर होते, जेव्हा तिची गरज उरलेली नसते. सातारा-सांगलीकडच्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. दवाखान्यातून गाडी गावात शिरण्याआधी, ती कोणत्या आळीत वळणार हे पारावरच्या माणसांना आपल्याकडेही कळलेले असते. त्या प्रसंगात गाव स्वतःच एक पात्र म्हणून उभे राहते, आणि इतक्या चटकन एकमेकांचे चेहरे वाचणाऱ्या गावाला या मुलीचा चेहरा आधी का वाचता आला नाही, हा प्रश्न न विचारता उभा राहतो.

त्याचे उत्तर मालिकेने कधी दिले, हे तुमच्या मंडळींना विचारून पाहा. बहुतेक जण नोव्हेंबरमधला भाग सांगतील. मी चौथा भाग सांगेन. त्यात लॉराच्या अंत्यविधीच्या वेळी तिचा मित्र बॉबी साऱ्या गावाच्या तोंडावर ओरडून सांगतो की ती संकटात आहे हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणीही काही केले नाही, तेव्हा तिला आपण सर्वांनीच मारले आहे. इतके स्पष्ट उत्तर इतक्या लवकर क्वचितच कुठल्या रहस्यमालिकेने दिले असेल. तरी प्रेक्षक ते उत्तर म्हणून मोजत नाही, कारण ते नाव नाही, आणि कारण त्याच प्रसंगात पुढे लॉराचे वडील शवपेटीवर झेप घेतात आणि ती खाली-वर होऊ लागते, तेव्हा खोलीत हमखास कुणीतरी हसते. (खुन्याचे नाव मी इथे लिहिलेले नाही, हे वाचणाऱ्या सर्वांनी मालिका पाहिलेली नसेल.)

त्या हसण्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तुमच्या ‘आपल्याला फसवले’ म्हणणाऱ्यांची नाराजी पुष्कळदा तिथून सुरू झालेली असते. मृतदेहाचे छायाचित्र घेताना हवालदार अँडी रडू लागतो, तेव्हा हसावे की गप्प बसावे हे कळत नाही. आपल्या दैनंदिन मालिकांत पार्श्वसंगीत ही शंका राहू देत नाही. सासू दारात उभी राहिली की तीन बाजूंनी तीन ठोके पडतात आणि कुणाची बाजू घ्यायची ते पाहणाऱ्याला कळते. अँजेलो बादालामेन्टी यांचे संगीत तसा आधार देत नाही. एकच सुरावट प्रेमालाही वाजते आणि शोकालाही, आणि गंभीर प्रसंगाखाली कधी कधी मजेदार जाझ चालू राहते. अशा वेळी काही प्रेक्षकांना वाटते की दिग्दर्शक आपली टर उडवतो आहे. तो उडवत नाही; मर्तिकाच्या घरी चहा गोड झाला की नाही यावर बोलणारी माणसे आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत आणि त्यांचे दुःख खोटे नसते. परंतु पडद्यावर हे दोन्ही एकत्र पाहण्याची सवय नसेल तर पहिला प्रहर अवघडच जातो, आणि ही अडचण खुन्याच्या नावाआधीची आहे.

आता ‘खरी मालिका आता सुरू झाली’ म्हणणाऱ्या गटाकडे वळतो, कारण त्यांचीही एक खोड असते. हे लोक प्रत्येक वस्तूत खूण शोधतात. 1990 मध्ये अमेरिकेतील प्रेक्षक भाग व्हिडिओ कॅसेटवर मुद्रित करून चौकट चौकट थांबवून पाहत असत, आणि आज मोबाइलवर ते कुणालाही जमते. पण या मालिकेतील काही सर्वात गाजलेल्या खुणा अपघाताने पडलेल्या आहेत. बॉब हे भीतिदायक पात्र मूळ संहितेत नव्हते. फ्रँक सिल्व्हा हे सेटवर सामान लावणारे गृहस्थ. लॉराच्या खोलीत ते काम करत असताना लिंच यांना त्यांचा चेहरा सुचला, आणि नंतर आईच्या किंकाळीच्या चित्रीकरणात आरशात त्यांचे प्रतिबिंब चुकून आले तेव्हा तो शॉट टाकून देण्याऐवजी लिंच यांनी तोच ठेवला. शवागारातील प्रसंगात डोक्यावरची ट्यूब लुकलुकते, तीही बिघडलेलीच होती. कूपर तिथल्या कर्मचाऱ्याला बाहेर जायला सांगतो, त्या अभिनेत्याला वाक्य नीट ऐकू येत नाही, आणि तो आपले नाव विचारले असे समजून ‘जिम’ असे उत्तर देतो; कूपर क्षणभर थबकून विनंती पुन्हा करतो. हे सारे ठेवून दिल्यामुळे त्या प्रसंगाला जो विचित्रपणा आला, तो लिहून आला नसता. तेव्हा चर्चेत कुणी लुकलुकणाऱ्या दिव्याचा गूढार्थ सांगू लागला तर त्याला थांबवू नका, फक्त हे सांगा. बहुतेक वेळा चर्चा त्यानंतर अधिक चांगली होते.

हाच विषय आपल्या मातीत कसा दिसतो, तेही पाहण्यासारखे आहे. 2020-21 मध्ये झी मराठीवर आलेली ‘देवमाणूस’ ही मालिका साताऱ्याकडच्या वातावरणातली आणि वाई-धोम परिसरात 2016 मध्ये उघडकीस आलेल्या हत्याकांडावरून सुचलेली. तिच्यात कुणी केले हा प्रश्न ठेवलाच नव्हता. डॉक्टर काय करतो हे प्रेक्षकाला ठाऊक, गावाला नाही. त्यामुळे प्रतिक्रियाही निराळ्या आल्या: इकडच्या घराघरांतून बायका पडद्यावरच्या बाईला ‘अगं, जाऊ नकोस त्याच्याकडे’ म्हणून बजावत, आणि गाव एवढे आंधळे कसे, यावर दुसऱ्या दिवशी एसटीत वाद होत. सरू आजीच्या म्हणी लोकांच्या तोंडी बसल्या त्या विनोद म्हणून, पण गावात डोळे उघडे ठेवून बोलणारे माणूस एखाद्या म्हातारीच्याच रूपात असते आणि तिला कुणी मनावर घेत नाही, ही गोष्ट त्या मालिकेने अचूक पकडली होती. उत्तर आधीच देऊनही प्रेक्षक महिनोन्महिने बसतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला इकडे तिकडे शोधावा लागत नाही.

‘रात्रीस खेळ चाले’चे उदाहरण आणखी वेगळे आहे. 2016 मध्ये ती कोकणातल्या वाड्यात अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू झाली. 2019 मध्ये दुसरे पर्व आले ते मागे जाऊन, जिवंत अण्णांचे. शेवट ठाऊक असूनही लोकांनी अण्णा आणि शेवंता यांना जे डोक्यावर घेतले, ते पहिल्या पर्वातल्या कोणत्याही पात्राच्या वाट्याला आले नव्हते. लिंच यांनीही 1992 मध्ये मागे जाऊन लॉराच्या अखेरच्या दिवसांवर ‘ट्विन पीक्स: फायर वॉक विथ मी’ हा चित्रपट केला, त्यात ती पहिल्यांदा प्रेत म्हणून नव्हे तर मुलगी म्हणून दिसते. तुमच्याकडे गळालेल्यांपैकी कुणाला परत आणायचे असेल तर उरलेले भाग दाखवण्याऐवजी त्यांना हा चित्रपट दाखवा. तो अतिशय क्लेशदायक आहे, घरातील अत्याचाराचे चित्रण त्यात उघड आहे, तेव्हा आधी तसे सांगून ठेवणे आवश्यक आहे.

पुढे काय लावावे, यावर माझे मत थोडक्यात असे. ‘वेवर्ड पाइन्स’ 2015 मध्ये फॉक्सवर आली. ब्लेक क्राउच यांच्या कादंबऱ्यांवर ती बेतलेली असून त्या कादंबऱ्यांमागे ‘ट्विन पीक्स’चीच प्रेरणा होती. तिच्या पहिल्या पर्वाचे दहा भाग आहेत आणि गावाचे रहस्य पाचव्याच भागात फोडले आहे. त्यामुळे पहिल्या अर्ध्यात ‘हे काय आहे’ असे विचारणारा प्रेक्षक दुसऱ्या अर्ध्यात ‘मग आता हे लोक काय करणार’ असे विचारू लागतो. तुमच्या दोन्ही तटांना एकत्र बसवायचे असेल तर पहिले पर्व लावा आणि तिथेच थांबा. 2022 पासून चालू असलेल्या ‘फ्रॉम’मध्ये गावात शिरलेल्याला कोणत्याही रस्त्याने बाहेर पडता येत नाही आणि रात्री माणसांसारखे दिसणारे, हसतमुख, सावकाश चालणारे जीव दारे ठोठावतात. तिच्यावर वारंवार येणारी तक्रार अशी की पात्रे आपल्याला कळलेली गोष्ट एकमेकांना सांगतच नाहीत. ही तक्रार रास्त आहे. सहा घरांच्या वस्तीत बातमी दडून राहते, हे आपल्याकडच्या प्रेक्षकाला पटणारच नाही. जर्मन ‘डार्क’ (2017 ते 2020, तीन पर्वे, 26 भाग) ही मला या सर्वांत नीट बांधलेली वाटते, आणि तिच्यातली चार घराण्यांची पिढ्यानपिढ्यांची नाती लक्षात ठेवण्याचे काम सातबाऱ्यावरच्या वारसनोंदी हाताळलेल्या माणसाइतके कुणालाच चांगले जमणार नाही. तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेले कुणी तुमच्यात असतील तर त्यांना वंशावळ लिहायला बसवा.

लिहायला बसलेल्या मित्रासाठी मात्र जास्त सांगावेसे वाटते. ‘ट्विन पीक्स’चे गाव विचित्र वाटते ते धुके आणि घुबडांमुळे असा समज करून घेतला जातो, आणि मग कृष्णाकाठीही धुके सोडले जाते. त्या गावाचा विचित्रपणा तिथल्या पोटापाण्यातून आलेला आहे. ते लाकडाच्या धंद्यावर जगणारे गाव आहे. सुरुवातीलाच करवतीची पाती दिसतात, सॉ मिलवरून कट शिजतात, आणि एक बाई ओंडका कुशीत घेऊन फिरते. आपल्याकडे ते कशातून येईल? हरिपूरला हळदीची पेवे आहेत. जमिनीत खोल खणलेली, वरून अरुंद आणि आत रुंद, तोंड मातीने लिंपलेली, त्यांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. आणि पेव उघडले की आत लगेच उतरत नाहीत, कोंडलेली हवा जाऊ देतात. 2005 च्या महापुरात त्यांतल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरून ती निकामी झाली. कुणाच्या मालाचे पेव कुठे आहे, कुणाचे उघडले आणि कुणाचे मुद्दाम उघडले नाही, हे गावातल्या मोजक्या माणसांना माहीत असणे, एवढ्या एका व्यवस्थेत रहस्यमालिकेचे पहिले दहा भाग आहेत. त्यावर भूत बसवण्याची गरज पडू नये. उसाच्या हंगामात दरवर्षी बाहेरून टोळ्या येतात, फडाशेजारी कोप्या घालून महिनोन्महिने राहतात आणि हंगाम सरताच निघून जातात; त्यांच्यातले एखादे माणूस परत गेले नाही तर गावात ते कुणाच्या लक्षात येईल? हा प्रश्न ‘कुणी केले’पेक्षा अवघड आहे आणि तो सगळ्या गावाला उद्देशून आहे.

त्याने पहिल्या पानावर दोन्ही प्रश्न लिहून ठेवावेत. नावाचे उत्तर पहिल्या पर्वाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास द्यावे, शेवटच्या भागासाठी राखू नये, आणि ते ज्या भागात दिले जाते त्याच भागात गावाबद्दलची एक नवी गोष्ट उघडी करावी, अशी की जिच्यामुळे नाव कळूनही कुणाला अटक करता येऊ नये. तीन पर्वांचा आराखडा हाती नसेल तर वाहिनीकडे जाऊ नये. तिथे पहिल्याच बैठकीत ‘पुढे काय’ विचारतात आणि ‘पुढचे पुढे बघू’ हे उत्तर फार महागात पडते. आणि पात्रांना एकमेकांशी बोलू द्यावे. आपल्या गावात गुपित राहते ते कुणी बोलत नाही म्हणून नव्हे. सगळे बोलतात, फक्त ज्याला सांगायला हवे त्याला वगळून.

शनिवारच्या बैठकीबद्दल एक व्यवहाराची सूचना. एका रात्रीत सहा-सात भाग उरकू नका, एका वेळी दोन पुरे. मधल्या आठवड्यात माणसे आपापसांत जे बोलतात, ते या प्रकारच्या मालिकेसाठी पडद्यावरच्या मजकुराइतकेच आवश्यक असते. खुनी ओळखण्याची पैज लावण्याची पद्धत असेल तर ती बंद करा, कारण पैज लावलेला माणूस निकालानंतर थांबत नाही. आणि ‘फ्रॉम’च लावायची ठरली तर उत्तरे सावकाश आणि तुटक मिळतात, एवढे पहिल्याच शनिवारी सर्वांना सांगून टाका, ज्यांना ते चालणार नाही त्यांना ‘डार्क’ सुरू होईल तेव्हा बोलावणे पाठवा.